जुनी उधारी, नवा टर्बो

या सदरात आपण पेढी, घर आणि नवी पिढी यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा आडवळणाचा आहे. आमच्या घरी एक मोटार उघडली गेली आणि आठ महिन्यांनी पुन्हा जोडली गेली. त्या आठ महिन्यांचा हिशेब माझ्याकडे होता. म्हणून हा लेख.

माझा पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर आहे. दिवसा तो कापड बाजारातील आमच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. पण शाळेत असल्यापासून त्याच्या खोलीच्या भिंतीवर एकाच मोटारीचे चित्र आहे. ती म्हणजे फियाटची कूपे, दोन दारांची, १९९३ साली लोकांपुढे आलेली. पुढे तिला पाच सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह आणि टर्बोचे २२० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. ही मोटार भारतात विक्रीला आलीच नाही. त्या घराण्यातील जे रक्त आपल्यापर्यंत पोहोचले, ते पुंटो अबार्थच्या रूपाने. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही गाडी बाजारात आली. १३६८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, १४५ अश्वशक्ती. दारे पाच असली तरी स्वभाव कूपेचाच. आणि विशेष म्हणजे ती बनत होती आपल्या नगर-पुणे रस्त्यावर, रांजणगावात.

इटलीच्या यंत्रांशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पुढे फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यातून जी गाडी बाहेर पडू लागली, तीच आपल्या सर्वांच्या ओळखीची पद्मिनी. नगरच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणली. तिचा मूळ आराखडा इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडचा होता. परदेशातील यंत्र आणायचे, ते समजून घ्यायचे आणि आपल्या रस्त्याला व आपल्या खिशाला मानवेल असे करायचे, ही विद्या आपल्या वाडवडिलांना चांगली अवगत होती. पुतण्याने ही सारी उदाहरणे मला ऐकवली, तेव्हाच मी ओळखले की त्याला पैसे हवे आहेत.

ते २०२३ सालचे दिवाळीचे दिवस होते. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरल्याची बातमी नुकतीच येऊन गेली होती. पुतण्याला पुण्यात एक बंद पडलेली अबार्थ मिळत होती. दोन लाख चाळीस हजारांना. चालू करताना निळा धूर, वेग घेताना शिट्टीसारखा आवाज आणि ताकद निम्मी. माझे थोरले बंधू, म्हणजे मुलाचे वडील, यांनी एका वाक्यात निकाल दिला : “चालत्या गाड्या बाजारात असताना मेलेली कशाला घ्यायची?”

या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हते. खरे पाहता अशा छंदाला नफ्याच्या भाषेत उत्तर नसतेच. अखेर मी मध्ये पडलो. आमच्यात असे ठरले की गाडीसह एकूण खर्च चार लाखांच्या आत राहील, पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतून जातील, दुकानाच्या वेळेत पान्याला हात लागणार नाही आणि रोजमेळ मी लिहीन. बंधू ‘हो’ म्हणाले नाहीत; फक्त गप्प राहिले. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘पाहू या’ असा होतो.

गाडी टोचन लावून सावेडीतील आमच्या रिकाम्या गोदामात आली. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. रोज सात ते दहा हे काम चाले. हिशेबनीस म्हणून मीही जाऊन बसू लागलो आणि हळूहळू मला त्या यंत्राची भाषा कळू लागली.

टर्बो म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगतो. इंजिनात पेट्रोल जळले की गरम धूर सायलेन्सरमधून बाहेर जातो. त्याच्यासोबत पुष्कळशी शक्ती फुकट जाते. टर्बोत एका दांड्याला दोन पाती असतात. एका टोकाची पाती हा जाणारा धूर फिरवतो. दुसऱ्या टोकाची पाती त्याच फिरण्यावर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, तर जळणारे पेट्रोल जास्त आणि शक्तीही जास्त. म्हणजे वाया जाणाऱ्या मालातून पुन्हा भांडवल उभे करण्याचा हा प्रकार आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास विरळ असते. साधे इंजिन ही तूट निमूटपणे सोसते. टर्बोचे इंजिन ती बऱ्याच अंशी भरून काढते.

पण याची किंमत असते. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. त्याच्या एका अंगाला आठ-नऊशे अंश तापलेला धूर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. एवढ्या वेगात तो धातूवर टेकलेला नसतो. तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दांडा आणि बेअरिंग यांतील अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांचे. तेल क्षणभर आटले की धातूला धातू घासतो आणि सारा डोलारा कोसळतो. म्हणूनच अशी गाडी जोरात पळवून आणल्यावर लगेच बंद करू नये. मिनिटभर तशीच चालू ठेवावी, म्हणजे तेल फिरत राहून तापलेला टर्बो निवतो. नाही तर आत अडकलेले तेल तिथेच करपून त्याचा कोळसा होतो.

इंजिन उघडले तेव्हा पहिला धक्का बसला. टर्बोचा दांडा बोटाने हलवला तरी हलत होता. ते अपेक्षितच होते. पण तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाब धरत नव्हता. हेड उतरवून पिस्टन काढला, तर रिंगांच्या मधली कड तुटलेली. पुतण्या बराच वेळ तो पिस्टन हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “काका, हिच्या आधीच्या मालकाने रीमॅप केला होता.”

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून टर्बोचा दाब व पेट्रोल वाढवणे. लॅपटॉप जोडला, तासाभरात वीस-तीस घोडे वाढले. वाचायला फार सोपे वाटते. परंतु दाब वाढला की आत उष्णता वाढते. अशा वेळी साधे पेट्रोल ठिणगी पडण्याआधी किंवा पडताच भलत्या ठिकाणी स्फोटासारखे पेटते. त्या मालकाच्या काळात पंपावरील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१, तर महागड्या प्रकाराचा ९५ किंवा त्याहून अधिक असे. हा आकडा म्हणजे त्या अवेळी पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, त्याचे माप. वाढवलेल्या दाबाला साधे पेट्रोल पाजले की प्रत्येक स्फोट पिस्टनवर हातोडीसारखा बसतो. एक दिवस कड तुटते. आधीच्या मालकाने घोडे वाढवले होते. पण ते उसने होते आणि त्यांची वसुली पिस्टनकडून झाली.

पुतण्याचे स्वतःचे स्वप्नही तेच होते, हे मला त्या संध्याकाळी कळले. त्याला १८० अश्वशक्ती हवी होती. त्याचा युक्तिवाद बिनतोड वाटेल असा होता. हेच १३६८ सीसीचे टी-जेट इंजिन फियाटने आपल्याकडे लिनिया गाडीत आधी ११४ अश्वशक्तीला विकले, नंतर १२५ ला, आणि अबार्थमध्ये १४५ ला. युरोपातील अबार्थ ५९५ च्या वरच्या प्रकारात तर १८०. इंजिन तेच असेल, तर आपण का नाही?

मी कापड विकणारा माणूस, मला उत्तर ठाऊक नव्हते. मी फक्त विचारले, “त्या १८० वाल्या गाडीत बाकी सगळे हेच आहे का?” त्याने दोन दिवस कागद चाळले. मग स्वतःच येऊन सांगितले : तिचा टर्बो वेगळा आहे, ब्रेक मोठे आहेत. कारखान्याने घोडे वाढवले तेव्हा सोबत बाकीच्या खात्यांतही भरणा केला होता. आपल्या वहीत जमेच्या बाजूला पस्तीस घोडे लिहायचे, तर नावेच्या बाजूला क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, पिस्टन आणि थंड करण्याची व्यवस्था, या सगळ्यांच्या नोंदी आल्या पाहिजेत. एका बाजूची वही ही वही नव्हे.

अबार्थ या नावाचा इतिहासही हेच सांगतो. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत आपली पेढी काढली. त्यांची रास वृश्चिक, म्हणून गाडीवर विंचवाचे चिन्ह. फियाटच्या लहान गाड्या शर्यतीसाठी तयार करणे हे त्यांचे नाव झाले. पण पेढीचा मोठा आधार होता तो त्यांनी बनवून विकलेल्या सायलेन्सरचा. मोठी स्वप्ने पाहणाऱ्या त्या माणसाचे पायही रोजच्या विक्रीच्या जमिनीवर टेकलेले होते.

कायद्याची बाजूही इथेच सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांत ती ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रकारच्या गाडीला मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. अशा संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, आपल्याच शहरात आहे. तिच्या धावपट्ट्यांवर वाहने कशी तावून सुलाखून निघतात, हे नगरकरांना नव्याने सांगायला नको. एवढ्या परीक्षेनंतर ठरलेले आकडे आपण गोदामात बसून एका रात्रीत बदलावेत का, हा कायद्याच्याही आधी विवेकाचा प्रश्न आहे.

शेवटी पुतण्याने संगणकात कारखान्याचे मूळ आकडे परत भरून घेतले. आधीच्या मालकाने बसवलेला कर्कश सायलेन्सर काढून मूळ सायलेन्सर बसवला. सुधारणा केल्या त्या सोसण्याची ताकद वाढवणाऱ्या : टर्बोच्या तापलेल्या नळीभोवती उष्णतारोधक पट्टी, दाबाची हवा वाहणाऱ्या नव्या मजबूत नळ्या, चांगल्या प्रतीचे ब्रेक पॅड, त्याच मापाचे पण अधिक पकड असलेले टायर आणि तेलाचे तापमान दाखवणारे एक मीटर.

सुटे भाग मिळवणे हा वेगळाच पुरुषार्थ. ही गाडी केव्हाच बनायची थांबली आहे. काही भाग कंपनीच्या वितरकाकडून मागवले. काही जुने भाग मुंबईच्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील बाजारात हिंडून मिळाले. ज्या कुर्ल्यात एके काळी फियाट जन्माला येत होती, तिथेच आता तिचे अवयव शोधायचे, हा काळाचा महिमा. बोअर मोजणे, हेडचे फेसिंग, झडपा बसवणे ही कामे आपल्याच शहरातील एका जुन्या लेथवाल्या कारागिराने केली. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर आणि ट्रकची इंजिने बांधली. इटलीचे इंजिन पाहून ते एवढेच म्हणाले, “मापाला देश नसतो.”

जोडणीचे काम पुतण्याने एकट्याने केले. हेडचे बोल्ट नवे. ते टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आणि मग ठरलेल्या कोनात फिरवून आवळायचे. टायमिंग बेल्ट बसवताना दोन्ही कॅमशाफ्ट विशिष्ट जागी अडकवून धरणारी खास अवजारे लागतात. अंदाजाने चालत नाही; पट्ट्याचा दात चुकला तर झडपा पिस्टनवर आदळू शकतात. एका रात्री त्याला शंका आली आणि जोडलेले सारे त्याने पुन्हा उघडले. चूक नव्हती. तरी त्याने उघडले. दुकानात कापड मोजताना घाई करणारा हाच मुलगा, याचे मला नवल वाटले.

जून महिन्यात नवा टर्बो आला. साठ हजारांच्या घरात किंमत. वहीत आता चार लाखांच्या मर्यादेला केवळ काही हजार उरले होते. दुसऱ्या दिवशी रविवार, तेव्हा टर्बो बसवून इंजिन सुरू करायचे ठरले. त्या रात्री बंधू प्रथमच गोदामात आले. सात महिन्यांत त्यांनी त्या दारात पाऊल टाकले नव्हते. ते स्टुलावर बसले, नवा टर्बो पाहिला, बाजूला पडलेला जुना पाहिला आणि म्हणाले, “हा कशाने गेला?”

“तेल कमी पडलं, पप्पा. बेअरिंग घासलं.”

“तेल का कमी पडलं?”

पुतण्या थांबला. “आधीच्या मालकाने वेळेवर बदललं नसेल.”

“नसेल, म्हणजे तुला माहीत नाही.” बंधूंचा आवाज शांत होता. “एखाद्या गिऱ्हाइकाकडे उधारी बुडाली, तर ती का बुडाली हे कळल्याशिवाय मी त्याच गल्लीत नवा माल देत नाही. तू साठ हजारांचा माल त्याच दारात ठेवतो आहेस.”

पुतण्या काही बोलला नाही. त्याचा चेहरा उतरला होता; मलाही वाटले की ऐन वेळी मुलाचा उत्साह मोडला. बंधू घरी गेले. रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला : “काका, जरा येता का?”

टर्बोला तेल पोहोचवणाऱ्या नळीचा एक पोकळ बोल्ट त्याने हातात धरला होता. त्याच्या पोटात बारीक जाळी होती, कचरा अडवण्यासाठी बसवलेली. ती जाळी काळ्या, कडक काजळीने पूर्ण भरली होती. विजेरीचा प्रकाश आरपार जात नव्हता. बाकी सारे इंजिन त्याने धुतले होते, नळी साफ केली होती. हा बोल्ट मात्र रॉकेलने वरून पुसून नव्या सामानासोबत ठेवला होता. सकाळी तो तसाच बसला असता, तर नवा टर्बोही तेलावाचून घासला असता. कदाचित त्याच दिवशी.

करपलेले तेल, बुजलेली जाळी, तहानलेला टर्बो : कारणांची साखळी आता पूर्ण दिसत होती. त्याने नवा बोल्ट मागवला, तेलाची सारी वाट पुन्हा उघडून साफ केली आणि उद्घाटन दोन आठवडे लांबले. पुतण्याने वडिलांना हे स्वतः जाऊन सांगितले. बंधूंनी विचारले, “बोल्ट केवढ्याला?” उत्तर ऐकून ते हसले. मी रोजमेळात ती नोंद लाल शाईने केली आहे. सबंध वहीतील ती सर्वांत लहान रक्कम आहे.

इंजिन सुरू झाले तेव्हा प्रथम ठिणगी बंद ठेवून नुसतेच फिरवले, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग ते चालू केले. निळा धूर नव्हता. पहिले काही शे किलोमीटर गाडी सबुरीने चालवली, मग तेल बदलले. एकूण खर्च तीन लाख शहाण्णव हजार. गाडी आज विकली तर एवढे येतील का? सांगता येत नाही, आणि ती विकायचीही नाही. परंतु तो मुलगा आता दुकानात परत आलेला माल नुसता बाजूला टाकत नाही. तो का परत आला हे विचारतो. ही नोंद कोणत्या खात्यावर टाकावी, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

ज्या घरांत असा छंद असलेली मुले-मुली आहेत, त्या पालकांना एवढेच सुचवतो. मर्यादा आधी ठरवा आणि लेखी ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली भक्कम स्टँडशिवाय कुणालाही जाऊ देऊ नका. पेट्रोलच्या कामाजवळ अग्निशामक ठेवा. पूर्वी काय बिघडले याचे उत्तर मिळेपर्यंत नवा भाग बसवू देऊ नका. आणि यंत्र कळत नाही म्हणून गप्प राहू नका. आमच्या बंधूंना टर्बो कळत नव्हता. त्यांना उधारी कळत होती, आणि तेवढे पुरले.

ऑगस्टमध्ये एका पहाटे आम्ही तिघे त्या गाडीतून निघालो. सुपे मागे पडले, शिरूर मागे पडले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शिरल्यावर बंधूंनी गाडी हळू घ्यायला सांगितली आणि बराच वेळ ते काचेतून कारखान्यांकडे पाहत राहिले. परत येताना त्यांनी काहीही विचारले नाही. फक्त एकदा, ट्रकला मागे टाकताना, दाराची मूठ घट्ट धरली. सावेडीत पोहोचलो. पुतण्याचा हात चावीकडे गेला.

“थांब,” बंधू म्हणाले, “मिनिटभर चालू राहू दे.”